हायड्रोजनवर धावणारी गाडी: आत नेमकं काय घडतं?

टोयोटाची 'मिराई' २०१४च्या अखेरीस जपानमध्ये विक्रीला आली. तिच्यात हायड्रोजन जळत नाही, हेच मला सगळ्यात विलक्षण वाटतं!

फ्युएल सेलमध्ये प्लॅटिनमच्या सान्निध्यात हायड्रोजनचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. मधल्या पातळ पडद्यातून फक्त प्रोटॉन पार जातात. इलेक्ट्रॉनांना बाहेरच्या तारेतून वळसा घालावा लागतो. तीच वीज, तिच्यावरच मोटर फिरते. पलीकडे हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडली की पाणी तयार होतं. धुराड्यातून बाहेर पडतं तेवढंच.

नव्या मिराईच्या टाक्यांत ७०० बार दाबाखाली साधारण साडेपाच किलो हायड्रोजन मावतो. भरायला पाचेक मिनिटं, आणि पल्ला सुमारे ६५० किलोमीटर.

अडचण आहे ती हायड्रोजन मिळवण्यात. आज तो बहुतांशी नैसर्गिक वायूपासून बनतो आणि त्यात कार्बन डायऑक्साइड सुटतोच. सौर किंवा पवन विजेने पाण्याचं विघटन केलं, तरच हिशेब स्वच्छ. पण ती वीज थेट बॅटरीत भरणं जास्त किफायतशीर पडतं. म्हणून माझ्या मते हे तंत्र छोट्या गाड्यांपेक्षा ट्रक-बसलाच शोभेल.

केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी विकसित केलेली देशी फ्युएल सेल बस ऑगस्ट २०२२मध्ये पुण्यातच सादर झाली, हे आवर्जून सांगतो.