उचल फिटेपर्यंत
दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीच्या वस्त्या ऊसतोडीसाठी रिकाम्या होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फिटेपर्यंत उसाचा फड सुटत नाही. पहाटे मोळ्या बांधणारी बाई आजारी पडली, तरी खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, अंगावर पडतो. 2019 साली शासकीय समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या 13 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची गर्भपिशवी काढलेली आढळली. हा आकडा संतापजनक आहे.

या मजुरांसाठी आता गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये द्यायचे, तेवढीच भर सरकारने घालायची. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे, मजुरांना ग्रामपंचायतीकडून ओळखपत्र मिळतं.

उचलीपायी मजुराला डांबून ठेवणं 1976 च्या वेठबिगारी कायद्याने गुन्हा ठरतो. तक्रार जिल्हाधिकारी किंवा तहसीलदारांकडे करता येते. ही माहिती मात्र मजुरांच्या कोपीपर्यंत, म्हणजे फडावरच्या झोपडीपर्यंत, पोहोचायला हवी.