हाड मोडल्यावर काय विचारावे, काय सांगावे

निवासी शाळा म्हटली की मोडलेली हाडे आलीच. चिंचेच्या झाडावरून पडणे, कबड्डीत हातावर आदळणे, पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून घसरणे हे दरवर्षीचे ठरलेले. अशा वेळी मुलाला रुग्णालयात नेण्याचे आणि गावी निरोप धाडण्याचे काम आम्हां शिक्षकांकडे येते. आमचा विषय इतिहास. वैद्यक आम्ही शिकलेलो नाही. परंतु अस्थिरोग विभागाबाहेरच्या बाकावर इतकी वर्षे बसल्यावर एक गोष्ट पक्की ध्यानात आली. आपली माणसे डॉक्टरांना प्रश्न विचारीत नाहीत. बाहेर आल्यावर आम्हांला विचारतात. आत रांग मोठी, बोलणे अर्धे इंग्रजी, दिवसाची मजुरी बुडालेली, आणि मोठ्या माणसासमोर तोंड उघडू नये ही पिढ्यान्‌पिढ्या लादली गेलेली सवय. हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी वाचावयाचा नाही. आत जाण्यापूर्वी कोणता प्रश्न तयार ठेवावा आणि कोणते लक्षण न लपविता सांगावे, एवढ्यासाठी तो आहे.

सर्वांत अधिक वेळा आलेला प्रश्न असा : “सर, हाड मोडलं तर नाही ना? नुसतं फ्रॅक्चर आहे ना?” दोन्ही एकच. हाडाला बारीक चीर गेली तरी ते फ्रॅक्चर, दोन तुकडे झाले तरी फ्रॅक्चर. फरक असतो तो तुकडे जागेवर आहेत की सरकले आहेत, कातडी फाटून जखम हाडापर्यंत गेली आहे की नाही, आणि मोड सांध्यात शिरली आहे की नाही यांत. डॉक्टरांना विचारावयाचे ते हेच तीन प्रश्न. प्लास्टर पुरेल की शस्त्रक्रिया लागेल, हे बहुतांशी त्यांच्या उत्तरांवर ठरते. जखम हाडापर्यंत गेली असेल तर जंतुसंसर्गाचा धोका मोठा असतो. तेथे हळद वा माती न लावता स्वच्छ कापड बांधून तत्काळ रुग्णालय गाठावे.

“बोटे हलतात, म्हणजे मोडलेले नाही” हा समज खोटा आहे. बोटे हलविणारे स्नायू आणि शिरा शाबूत असल्या की मोडलेल्या हाताचीही बोटे हलतात. उलट बाजूने, पहिल्या एक्स-रेत काही दिसले नाही म्हणजे काही झालेच नाही, असेही नव्हे. रॉंटगेन यांनी 1895 मध्ये क्ष-किरण शोधले आणि पत्नीच्या हाताची हाडे छायाचित्रावर उमटविली. तेव्हापासून हाड पाहता येऊ लागले, पण अस्थिबंध त्यात दिसत नाहीत आणि मनगटातल्या एका लहान हाडाची चीर पहिल्या दिवशी दिसेलच असे नाही. मुलांच्या हाडांच्या टोकाशी वाढीची पट्टी असते. ती कूर्चेची असल्याने तिची इजाही सहज निसटते. म्हणून दुखणे कायम राहिल्यास दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढावा लागेल का, हे अवश्य विचारावे.

हाड सांधते कसे? प्लास्टर हाड जोडीत नाही. ते तुकड्यांना केवळ जागेवर धरून ठेवते. जोडण्याचे काम शरीर करते. मोडलेल्या जागी प्रथम रक्त साकळते, दोन-तीन आठवड्यांत तेथे मऊ भर तयार होते, पुढे तीत चुना साठून ती टणक होते, आणि मग कित्येक महिने शरीर ती भर कोरून हाडाला मूळ आकाराकडे नेत राहते. लहान मुलाच्या हाताचे हाड चार ते सहा आठवड्यांत धरते, प्रौढाला साधारण सहा ते आठ किंवा त्याहून अधिक लागतात. नडगीला तीन-चार महिने लागणे नवलाचे नाही. एकाच घरातल्या मुलाचे प्लास्टर लवकर निघते आणि बापाचे निघत नाही, यात डॉक्टरांचा दोष नसतो. मुलाचे हाड थोडे वाकडे जुळले तर वाढीबरोबर ते बरेचसे सरळ होते. मात्र पीळ राहिला तर तो आपोआप सुटत नाही, आणि कोपराच्या वरचा तिरकसपणाही सहसा तसाच राहतो.

कोपराचा विषय निघाला आहे, तर तेथे थांबलेच पाहिजे. कारण कायमचे नुकसान आम्ही सर्वाधिक तेथेच पाहिले. पाच ते आठ वर्षांचे मूल पसरलेल्या हातावर पडले की दंडाचे हाड कोपराच्या किंचित वर मोडते. हाताला रक्त पुरविणारी मुख्य धमनी त्याच जागेच्या अगदी पुढून जाते. गावाकडे अशा मुलाला प्रथम हाड बसविणाऱ्याकडे नेतात. तो हात ओढून, चोळून, बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधतो. आत सूज वाढत असते, बाहेरून बांधणी घट्ट. पुढच्या हाताचे स्नायू न ताणणाऱ्या आवरणात कोंडले जातात आणि त्यांना रक्त मिळेनासे होते. सुमारे सहा तासांत ते मरू लागतात. मेलेला स्नायू पुढे आखडतो, बोटे आत वळतात, आणि हात पंजासारखा वाकडा होऊन राहतो. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी 1881 मध्ये या विकृतीचे वर्णन केले, म्हणून तिला त्यांचेच नाव आहे.

हाड बसविणाऱ्याकडे लोक का जातात, हे आम्ही जाणतो. तो जवळ असतो, पैसे थोडे घेतो, आपल्या भाषेत बोलतो आणि प्रश्नाचे उत्तर देतो. प्रश्नाचे उत्तर देण्याची गोष्ट रुग्णालयांनी त्याच्याकडून शिकावी अशी आहे. परंतु “आमची विद्या पुरातन आहे” असे तो म्हणत असेल, तर इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने एक नोंद करतो. सुश्रुतसंहितेत अस्थिभंगाच्या बांधणीविषयी स्पष्ट इशारा आहे : सैल बांधले तर सांधा स्थिर होत नाही, आणि फार घट्ट बांधले तर सूज, वेदना आणि पिकणे संभवते. करकचून बांधणाऱ्याच्या बाजूने तो जुना ग्रंथही नाही.

आणि हा धोका केवळ कामट्यांचा नाही. रुग्णालयात घातलेल्या प्लास्टरखालीही तो उद्भवतो. डच लष्करी शल्यविशारद माथायसेन यांनी 1850 च्या सुमारास प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी वापरात आणली. ती पाण्याने भिजवून गुंडाळली की काही मिनिटांत दगडासारखी होते. दगड सुजेबरोबर सैल होत नाही. म्हणून पहिले दोन दिवस हात छातीच्या वर उशीवर ठेवावा आणि बोटे हलवीत राहावे. प्लास्टरनंतर दुखणे कमी होत गेले पाहिजे. ते वाढतच असेल, गोळीने थांबत नसेल, बोट हळूच सरळ केले तरी मूल किंचाळत असेल, मुंग्या येत असतील, बोटे बधिर, गार वा फिकट पडत असतील, तर ती रात्र उजाडेपर्यंत काढावयाची नाही. बोटे गुलाबी आहेत, नाडी लागते, एवढ्यावरही निश्चिंत होऊ नये; ही चिन्हे उशिरा बदलतात. त्याच क्षणी निघावे, आणि तेथे गेल्यावर “प्लास्टर घट्ट होऊन दुखणे वाढते आहे” असे याच शब्दांत सांगावे. प्लास्टर व आतला कापूस कातडीपर्यंत कापून मोकळे करणे, आणि तेवढ्याने न भागल्यास स्नायूंचे आवरण चिरणे, हा उपाय वेळेत झाला तर हात वाचतो. असे मूल “रडके आहे” म्हणून गप्प केले गेल्याचे आम्ही पाहिले आहे. त्या मुलाला आज डाव्या हाताने लिहावे लागते.

विनयपिटकातील महावग्गात या संदर्भात एक उल्लेख आहे. ज्याची शुश्रूषा करणे सोपे जाते अशा रुग्णाचे पाच गुण तेथे सांगितले आहेत. तो हितकर तेच करतो; हितकर गोष्टीतही प्रमाण जाणतो; औषध घेतो; दुखणे वाढत असेल तर वाढते आहे, घटत असेल तर घटते आहे, आहे तसे असेल तर तसे आहे, हे शुश्रूषा करणाऱ्याला खरे सांगतो; आणि वेदना सहन करतो. सहन करणे शेवटी आहे आणि सांगणे त्याच्या आधी, हा क्रम आमच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. आपल्या घरांतून मात्र, विशेषतः मुलींना आणि बायांना, थेट पाचवा गुण शिकविला जातो.

प्लास्टर घरी आल्यावरचे उपद्व्याप वेगळेच. खाज सुटली म्हणून आमची मुले आत फूटपट्टी घालतात, केरसुणीचे हीर घालतात. एकदा आतून पेन्सिलीचा तुकडा निघाला. आत ओरखडा उठला की तो दिसत नाही आणि चिघळतो. प्लास्टर भिजवू नये. दुर्गंधी किंवा ओल आली तर दाखवावे.

प्लास्टर काढल्यावर पालक घाबरतात : हात बारीक झालेला, कातडी सालपटलेली, केस वाढलेले, सांधा ताठ. यातले बहुतेक तात्पुरते असते. न वापरलेला स्नायू रोडावतो. वापरू लागल्यावर भरतो. येथे प्रमाण जाणण्याचा गुण उपयोगी पडतो. मुलाचे कोपर त्याचे त्याने हलवू द्यावे, दिवसातून अनेकदा, थोडे थोडे. तेल लावून मालिश करणे, बळाने ताणणे, किंवा सरळ व्हावे म्हणून हातात पाण्याची बादली देणे हे सर्वथा टाळावे. अशा जबरदस्तीने कोपराभोवतालच्या स्नायूत नवे हाड तयार होते आणि सांधा आणखी जाम होतो. कोणता व्यायाम, दिवसातून किती वेळा, आणि किती दुखले की थांबावे, हे कागदावर लिहून मागावे. मागण्यात संकोच नसावा.

आहाराविषयी घरोघर एकच आज्ञा असते : आंबट बंद. तिला आधार नाही. लिंबू, आवळा, पेरू यांतले क जीवनसत्त्व हाडाची मऊ भर तयार होण्यास लागते. दही-ताकात चुना आहे. नाचणीच्या भाकरीत तो भरपूर मिळतो, डाळी व अंडी यांतून प्रथिने मिळतात आणि कोवळ्या-तिरप्या नव्हे तर चांगल्या उन्हात थोडा वेळ बसल्याने ड जीवनसत्त्व तयार होते. महागड्या पावडरींविषयी आम्हांला फारसे ममत्व नाही. मात्र विडी-सिगारेट ओढणाऱ्याचे हाड उशिरा सांधते, कधी सांधतच नाही, हे सिद्ध झालेले आहे. मोडलेल्या पायाच्या पालकांनी ते मनावर घ्यावे.

आता माजी विद्यार्थ्यांसाठी, ज्यांच्या आया आता सत्तरीत आहेत. म्हातारी न्हाणीघरात घसरली, खुब्यापाशी मोडले, पाय आखूड व बाहेर वळलेला दिसू लागला, की घरात म्हणतात, “आता या वयात कशाला ऑपरेशन? पडून राहू दे.” हे बोलणे मायेचे असले तरी परिणाम घातक असतो. खाटेवर खिळलेल्या वृद्धाला न्युमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गाठी होतात. अनेकांचा अंत मोडलेल्या हाडाने नव्हे, पडून राहण्याने होतो. प्रकृती झेपणारी असेल तर पहिल्या दीड-दोन दिवसांत शस्त्रक्रिया आणि शक्य तितक्या लवकर उभे करणे, हाच आजचा मान्य मार्ग आहे. “आईला उठवून कधी बसविणार?” हा प्रश्न डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारावा. आणि साध्या पडण्याने बाईचे मनगट मोडले असेल, तर हाडे ठिसूळ झाल्याची ती सूचना समजून तपासणी करून घ्यावी. पुढचा खुबा त्यामुळे वाचू शकतो.

घोटा मुरगळणे किरकोळ असते, तरी कधी फोटो काढावा याचा एक सोपा निकष कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी 1992 मध्ये मांडला : घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेला दाबून दुखत असेल, किंवा इजा झाल्यावर लगेच व तपासतानाही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे घ्यावा. एरवी पहिले दोन दिवस चोळणे व शेक नको. गार पाण्याची पट्टी, विश्रांती आणि पाय उंच पुरे.

शेवटी खर्चाचा आणि लोखंडाचा प्रश्न. सरकारी योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसलेला असतो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, कोणते कागद लागतील, हे पैसे भरण्यापूर्वी त्याला विचारावे. भरल्यानंतर विचारून उपयोग होत नाही. बसविलेली पट्टी वा सळई प्रौढांत त्रास नसेल तर आयुष्यभर राहू शकते. मुलांत ती बहुधा काढतात, आणि कोपराच्या तारा तर तीन-चार आठवड्यांतच. केव्हा काढावयाचे, हे सुट्टी मिळतानाच कार्डावर लिहून घ्यावे. ते कार्ड आणि सगळे एक्स-रे एका प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्ड ठेवता तेथेच ठेवावे. सळई काढावयास पाच वर्षांनी दुसऱ्या शहरात जाल, तेव्हा तेथील डॉक्टर प्रथम हेच मागतील, कारण कोणती सळई आत आहे हे कळल्याशिवाय तिची योग्य हत्यारे आणता येत नाहीत.