लेझरने चष्मा जातो, लघुदृष्टी मात्र राहते

नवी दिल्ली : चष्म्यातून कायमची सुटका, तीही काही मिनिटांत, अशा आशयाचे फलक आज लहानमोठ्या शहरांतील नेत्र रुग्णालयांबाहेर सर्रास दिसतात. त्यातील मिनिटांचा हिशेब खरा आहे. ‘कायमची’ आणि ‘सुटका’ हे दोन शब्द मात्र तपासून घ्यावे लागतात. नोकरी किंवा लग्न तोंडावर आले की अनेक तरुण घाईने ही शस्त्रक्रिया उरकू पाहतात. तिच्यातून नेमके काय बदलते आणि काय बदलत नाही, हे आधी समजून घेणे त्यांच्या हिताचे आहे.

डोळ्यात शिरणारा प्रकाश मागच्या पडद्यावर एकवटण्याचे सुमारे दोनतृतीयांश काम पारपटल, म्हणजेच कॉर्निया, करते. लघुदृष्टी असलेल्या व्यक्तीचा नेत्रगोल बहुधा काहीसा लांबट असतो, त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते. चष्म्याचे भिंग ही चूक डोळ्याबाहेर दुरुस्त करते. लेझर पारपटलाच्या मध्यभागातील अतिशय पातळ थर काढून त्याची वक्रता कमी करतो आणि तीच दुरुस्ती डोळ्यावर कोरतो. नेत्रगोलाची लांबी होती तेवढीच राहते. पुढचे बहुतेक प्रश्न या एका गोष्टीतून निर्माण होतात.

या तंत्राच्या मुळाशी एका भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचे काम आहे. रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे दोन सहकारी १९८१ मध्ये अमेरिकेतील आयबीएमच्या प्रयोगशाळेत एक्सायमर लेझरवर संशोधन करीत होते. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा हा किरण आजूबाजूचा भाग न भाजता ऊती अचूक कोरू शकतो, हे त्यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर पाहिले. दृष्टिदोषावरील उपचारात हा लेझर आजही वापरला जातो.

प्रत्यक्षात हे सारे गणित मायक्रॉनमध्ये चालते. पारपटलाची मध्यभागातील जाडी साधारण ५०० ते ५५० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. एक डायॉप्टर नंबर उतरवण्यासाठी त्यातील सुमारे १२ ते १५ मायक्रॉन ऊती खर्ची पडते. लॅसिकमध्ये वरच्या पापुद्र्याचे १०० ते १२० मायक्रॉन वेगळे धरावे लागतात. त्याखाली किमान २५० मायक्रॉन जाडी शिल्लक राहावी, असा जुना दंडक आहे. अनेक शल्यचिकित्सक ३०० च्या खाली जाण्यास तयार नसतात. दोघांचा नंबर सारखाच असूनही एकाला होकार आणि दुसऱ्याला नकार मिळतो, त्याचे कारण बहुधा या बेरीज-वजाबाकीत असते.

त्यामुळे लेझर चालवण्याच्या दिवसापेक्षा पूर्वतपासणीचा दिवस अधिक महत्त्वाचा ठरतो. वय किमान १८ आणि नंबर निदान वर्षभर स्थिर, म्हणजे अर्ध्या डायॉप्टरहून अधिक न बदललेला, ही पहिली अट. गर्भारपणात आणि बाळाला अंगावर पाजण्याच्या काळात नंबर हलू शकतो, म्हणून तेव्हा शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. कॉन्टॅक्ट लेन्समुळे पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतो. मऊ लेन्स सुमारे दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून अधिक काळ आधी बंद ठेवल्या नाहीत, तर मोजमापच चुकते. बाहुली औषधाने मोठी करून पडद्याची तपासणी होते, अश्रूंचे प्रमाण पाहिले जाते आणि टोपोग्राफी यंत्राने पारपटलाच्या उंचसखलपणाचा नकाशा काढला जातो.

हा नकाशा सर्वांत निर्णायक असतो. केराटोकोनस या विकारात पारपटल हळूहळू पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते. युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा दक्षिण आशियात त्याचे प्रमाण अधिक आढळते, डोळे सतत चोळण्याच्या सवयीशी त्याचा संबंध आहे, आणि तो बहुधा किशोरवय ते विशी या काळातच डोके वर काढतो. लेझरसाठी रांग लावणाऱ्यांचे वयही नेमके हेच! सुप्त केराटोकोनस असलेल्या डोळ्यावर लेझर चालवला, तर आधीच कमकुवत असलेले पारपटल पुढे फुगत जाऊ शकते आणि मग चष्म्यानेही नीट दिसेनासे होते. म्हणून डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला नकार दिला, तर ‘हो’ म्हणणारा दुसरा डॉक्टर शोधत फिरण्यापूर्वी नकाराचे कारण विचारून घ्यावे.

पद्धती मुख्यत्वे तीन. पीआरकेमध्ये पारपटलावरची नाजूक त्वचा बाजूला सारून थेट पृष्ठभागावर लेझर सोडतात. लॅसिकमध्ये पातळ पापुद्रा उचलून त्याखाली लेझर चालवतात आणि पापुद्रा पुन्हा जागी बसवतात. स्माइलमध्ये पारपटलाच्या आतच भिंगाच्या आकाराची चकती लेझरने कापून काही मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात. महाग म्हणजे श्रेष्ठ, असा नियम इथे लागू होत नाही. लॅसिकचा पापुद्रा मूळच्या बळकटीने पुन्हा जुळत नसल्यामुळे मुष्टियोद्ध्याला किंवा कबड्डीपटूला वेदनादायक पीआरके अधिक सोयीची ठरू शकते.

शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्ण पूर्ण जागा असतो. बधिरीकरणाचे थेंब घातल्यामुळे दुखत नाही. पापण्या उघड्या ठेवण्यासाठी छोटी क्लिप लावतात. लॅसिक आणि स्माइलमध्ये डोळा स्थिर धरणारे कडे बसवताना दाब जाणवतो आणि क्षणभर अंधारून येते. त्याने दचकण्याचे कारण नाही. समोरच्या दिव्याकडे पाहत राहायचे, एवढेच काम रुग्णाकडे असते. एक्सायमर लेझर चालू असताना केस जळल्यासारखा वास येतो. लेझरचा प्रत्यक्ष वेळ बहुधा एका मिनिटाहून कमी असतो.

पहिले काही तास डोळ्यांतून पाणी येते, खुपते आणि उजेड सहन होत नाही. लॅसिकनंतर बहुतेकांना दुसऱ्या दिवशी स्पष्ट दिसू लागते. पीआरकेमध्ये संरक्षक लेन्स तीन ते पाच दिवस ठेवावी लागते, ते दिवस वेदनेचे असतात आणि दृष्टी स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. डोळे चोळणे सक्त मना, पोहणे काही आठवडे बंद. वेदना अचानक वाढली किंवा दृष्टी घटली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

दुष्परिणामांबाबत जाहिराती मौन बाळगतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सहभागाने झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लॅसिकपूर्वी दृष्टीविषयक कोणताही त्रास नसलेल्यांपैकी ४३ ते ४६ टक्के जणांना तीन महिन्यांनंतर दिव्यांभोवती वलये, चकाकी यांसारखे किमान एक लक्षण जाणवत होते. आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी सुमारे २८ टक्के जणांनी कोरडेपणाची लक्षणे नोंदवली. त्याच अभ्यासात बहुसंख्य रुग्ण समाधानी होते आणि या लक्षणांमुळे दैनंदिन कामात फार अडचण येणारे एक टक्क्याहून कमी होते. रात्री वाहन चालवणे हाच ज्याचा व्यवसाय आहे, त्याने या आकड्यांचा वेगळा विचार केला पाहिजे.

चाळिशी तर चुकत नाहीच. वय वाढते तसे डोळ्यातील नैसर्गिक भिंग ताठर होते. लेझर त्याला स्पर्शही करीत नाही. उणे दोन नंबर असलेली व्यक्ती पंचेचाळिशीत चष्मा काढून आरामात वर्तमानपत्र वाचू शकते. शस्त्रक्रियेनंतर ही सवलत संपते आणि वाचनासाठी चष्मा घ्यावा लागतो. नेत्रगोल लांबच राहिल्यामुळे मोठा नंबर असलेल्यांना पडदा फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोकाही कायम राहतो, त्यामुळे चष्मा गेला तरी पडद्याची नियमित तपासणी सुटत नाही.

खर्च पद्धतीनुसार काही दहा हजारांपासून लाखापुढे जातो. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित वगळणुकीनुसार ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी दोषाच्या उपचाराचा खर्च आरोग्य विम्यातून वगळता येतो. सैन्यदले, पोलीस, रेल्वे यांचे निकष वेगवेगळे आहेत. काही प्रवेशांत ही शस्त्रक्रिया झालेला उमेदवार अपात्र ठरतो, तर काही ठिकाणी वय, शस्त्रक्रियेनंतरचा कालावधी आणि पारपटलाची उरलेली जाडी पाहिली जाते. भरतीची जाहिरात आधी वाचावी, शस्त्रक्रियेची तारीख नंतर घ्यावी.

शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, पारपटलाची जाडी आणि टोपोग्राफीचा अहवाल यांच्या प्रती जपून ठेवाव्यात. पुढे मोतीबिंदू झाल्यास कृत्रिम भिंगाची शक्ती ठरवताना बदललेल्या पारपटलामुळे नेहमीची सूत्रे चुकतात. पातळ पारपटलावर डोळ्याचा दाबही खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो आणि काचबिंदू नजरेतून निसटू शकतो. तीस वर्षांनी ज्या डॉक्टरांपुढे बसायचे आहे, त्यांना हे कागद लागतील.