जालन्यात नवीन आलात, बंदुकीचा परवानाही आहे. मग शिकार करता येते का?

समजा नोकरीनिमित्त तुमची बदली जालन्यात झाली. मस्तगड भागात भाड्याने घर मिळालं. शहराबाहेर चक्कर मारली तर संध्याकाळी शिवारात रोह्यांचा कळप दिसतो, कुठे हरणं दिसतात. शेतकरी सांगतात, रानडुकरांनी रात्रीत मका आडवा केला. तुमच्याकडे परवान्याची बंदूक आहे आणि मोबाईलवर परदेशातल्या शिकारीच्या रील्स येत असतात. मनात प्रश्न येतोच, की इथे शिकारीला सुरुवात कुठून करायची?

थोडक्यात उत्तर असं, की हौस म्हणून कुठूनच नाही. पण कायद्यात एक छोटं दार आहे. ते कुणासाठी आणि कसं उघडतं याबद्दल गावोगाव इतके गैरसमज आहेत, की त्यापायी माणसं तुरुंगात जातात.

आधी तर इथे शिकार चालायची ना?

चालायची. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि इथे लष्करी छावणी होती. त्या काळातल्या इंग्रज अधिकाऱ्यांना शिकारीचं वेड होतं. १८१९ साली जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली, ही गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. स्वातंत्र्यानंतरही परवाने काढून शिकार व्हायची. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि चित्र बदललं. या कायद्याच्या कलम ९ ने शिकारीवर बंदी घातली.

शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं?

नाही, आणि बहुतेक जण इथेच फसतात. कायद्यात शिकारीची व्याख्या खूप मोठी आहे. मारणं, विष घालणं, पकडणं, फास किंवा सापळा लावणं, आमिष दाखवणं, हाकारा करून पिटाळणं, हे सगळं शिकारच. प्रयत्न फसला तरी गुन्हा होतो. म्हणजे बांधावर करंट सोडलेली तार लावून रानडुक्कर मारलं किंवा गावठी बॉम्ब ठेवला, तर तीही शिकारच. अशा तारांनी रात्री पाणी द्यायला गेलेली माणसंही मरतात, तो गुन्हा वेगळाच.

मग ते छोटं दार कोणतं?

कलम ११. यासाठी प्राण्यांच्या दोन याद्या लक्षात ठेवा.

अनुसूची १ मध्ये बिबट्या, काळवीट, चिंकारा असे प्राणी आहेत. त्यांच्या शिकारीला मुख्य वन्यजीव रक्षकच परवानगी देऊ शकतात, तीही प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी, आजारी असेल तरच. काळविटांनी पीक खाल्लं, एवढं कारण पुरत नाही.

अनुसूची २ मध्ये रानडुक्कर आणि नीलगाय, म्हणजे आपली रोही, येतात. इथे मात्र उभ्या पिकाचं नुकसान हे कारण चालतं. परवानगी लेखी असते, त्यात कारणं नमूद असतात आणि ती ठरावीक भागापुरती असते. २०१५ साली राज्य सरकारने ही परवानगी देण्याचे अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणले. ‘आता रानडुकरं मारायला मोकळीक आहे’ ही अफवा तेव्हापासूनची. मोकळीक नव्हती, फक्त अर्ज कुठे करायचा ते ठिकाण जवळ आलं होतं.

आणि परवानगी घेऊन मारलेला प्राणीसुद्धा सरकारची मालमत्ता असतो. तो घरी नेता येत नाही.

माझ्या बंदुकीच्या परवान्याचं काय?

तो परवाना शस्त्र बाळगण्याचा आहे, वन्यप्राणी मारण्याचा नाही. दोन्ही कायदे वेगळे. शिवाय जिल्हा बदलला की जुन्या आणि नव्या, दोन्ही ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्यांना ३० दिवसांत कळवावं लागतं. जिल्ह्यात हे काम जिल्हाधिकारी कार्यालयात होतं. सामान लावून झालं की आधी ते करा.

पकडले गेलो तर?

१ एप्रिल २०२३ पासून सुधारित कायदा लागू आहे. अनुसूची २ मधल्या प्राण्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अनुसूची १ मधल्या प्राण्यासाठी ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. बंदूक आणि गाडी जप्त होते. दोषी ठरल्यास न्यायालय शस्त्र परवाना रद्द करू शकतं, मग ५ वर्षं नवा मिळत नाही.

सलमान खानचं प्रकरण आठवत असेल. काळवीट शिकारीची घटना १९९८ ची, जोधपूरच्या न्यायालयाने ५ वर्षांची शिक्षा सुनावली ती २०१८ साली. त्याने त्याविरुद्ध अपील केलं. पण २० वर्षं कोर्टाच्या फेऱ्या चुकल्या नाहीत.

मग त्या रील्समधली माणसं कशी करतात?

अमेरिकेत शिकार कायदेशीर आहे, पण तिथेही मनाला येईल तसं चालत नाही. हंगाम ठरलेला असतो, प्राण्यागणिक परवाना लागतो, नवशिक्यांसाठी कोर्स असतो. दुसऱ्या राज्यात राहायला गेलात तर टेक्सस किंवा कोलोरॅडोसारख्या राज्यात ६ महिने राहिल्याशिवाय स्थानिकाचा स्वस्त परवाना मिळत नाही. आपल्याकडे हौशी शिकाऱ्याला असा परवानाच नाही. त्यामुळे ते व्हिडिओ पाहून इथे प्रयोग करू नका.

शेजारच्या शेतकऱ्याने ‘साहेब, तुमची बंदूक आहे, या एकदा’ म्हटलं तर?

जाऊ नका. उलट त्याला दोन कामांत मदत करा. एक, पिकाचं नुकसान झालं की लगेच वन विभागाकडे तक्रार आणि पंचनाम्याची मागणी. मोबाईलवर नुकसानीचे फोटो काढून ठेवा आणि सातबारा जोडा. पंचनामा झाला तरच भरपाई मिळते, उशीर झाला की नुकसान दाखवणं अवघड जातं. दोन, उपद्रव सारखाच होत असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयात कलम ११ खाली परवानगीचा लेखी अर्ज, आणि त्याची पोच.

नेमबाजीची आवड असेल तर रायफल क्लब आहेत. आणि रानात रात्र काढायची हौस असेल तर बुद्ध पौर्णिमेला राज्यातल्या अनेक अभयारण्यांत वन विभाग लोकांना मचाणावर बसायला बोलावतो. पाणवठ्यावर आलेले प्राणी मोजायचे असतात. जालन्याहून गौताळा आणि ज्ञानगंगा ही अभयारण्यं फार लांब नाहीत. जुने शिकारीही असेच मचाणावर बसून वाट पाहत रात्र जागवायचे.