पीएच.डी.च्या मधल्या वर्षांत मन उडालं तर

यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान ३ आणि साधारणपणे कमाल ६ वर्षं मिळतात. कोर्सवर्क संपलं की रोजचं काम विचारणारं कुणी उरत नाही, आणि हुरूप ओसरतो. त्याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मते उमेदीला स्वायत्तता, जमतंय ही जाणीव आणि माणसांची जोड लागते; एकट्या संशोधकाकडे यातल्या शेवटच्या दोन गोष्टी आटतात.

म्हणून मूड येण्याची वाट पाहू नये. ‘प्रकरण लिहायचं’ हे फार मोठं झालं. ‘तक्ता २ खालचा परिच्छेद’ एवढंच ठरवावं आणि तो कच्चाच गाइडना दाखवावा. झोप-भूक दोन आठवडे बिघडलेलीच असेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येतं.