आधी दोरा, मग फुले

संगणकाची आज्ञावली लिहिणे हे विज्ञान शाखेचे काम, अशी आपल्या कला शाखेत एक समजूत आहे. ती खरी नाही, हे मला एका लहानशा उदाहरणाने दाखवावयाचे आहे.

'पायथॉन' ही संगणकाची भाषा गुइडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९९१ साली प्रसिद्ध केली. अक्षरांच्या ओळीला या भाषेत 'स्ट्रिंग' म्हणतात. आपण तिला अक्षरमाळ म्हणू. ही माळ अवतरणचिन्हांत लिहितात. नवशिक्यास सुरुवातीलाच एक उदाहरण भेटते : दिलेले शब्द जोडून एक ओळ करा. आपण आपल्या जिल्ह्याचे नऊ तालुके घेऊ.

तालुके = ["मंडणगड", "दापोली", "खेड", "चिपळूण", "गुहागर", "संगमेश्वर", "रत्नागिरी", "लांजा", "राजापूर"]

यादीचे नाव मराठीत ठेवले तरी पायथॉनला चालते. आज्ञांचे शब्द व आकडे मात्र यंत्रावर रोमन लिपीतच टंकावे लागतात. येथे ते देवनागरीत छापले आहेत.

आता बेरजेचे चिन्ह वापरून पाहू. "खेड" + "चिपळूण" केले की "खेडचिपळूण" मिळते. यंत्र आपण होऊन मध्ये जागा सोडीत नाही. बरे, प्रत्येक नावापुढे "-" जोडत गेलो, तर नऊ नावांना नऊ रेघा होतात आणि राजापूरपुढे एक रेघ लोंबत राहते. वास्तविक नऊ नावांच्या मधल्या जागा आठच! नवशिक्याचे घोडे अडते ते येथे. त्यावर उपाय असा :

प्रिंट("-".जॉइन(तालुके))

आधी जोडणारे चिन्ह आणि मग यादी, हा क्रम प्रथम उलटा वाटतो. पण वळेसर करणारी बाई आधी दोरा हाती घेते, मग फुले. जोडण्याचे काम दोऱ्याचे, फुलांचे नव्हे; म्हणून 'जॉइन' चिन्हाला चिकटते. रेघ केवळ दोन नावांच्या मध्येच पडते, शेवटी नाही. रेघेऐवजी स्वल्पविराम हवा असेल तर दोरा तेवढा बदलावा.

आणखी एक अडचण. यादीत ४१५६१२ हा रत्नागिरीचा पिनकोड अवतरणचिन्हांवाचून घातला, तर यंत्र 'टाइपएरर' म्हणून थांबते. त्याच्या लेखी ती संख्या आहे, अक्षरे नव्हेत. एसटीआर(४१५६१२) असे लिहिले की त्या संख्येची अक्षरमाळ होते व ती खुशाल ओवता येते.

आता आपल्या शाखेची गोष्ट. "जगत्" + "नाथ" असे जोडले तर यंत्र "जगत्नाथ" देते. आपण शाळेत शिकलो तो संधी 'जगन्नाथ'. "रत्नागिरी"ची लांबी विचारली तर पायथॉन ९ सांगतो, कारण तो काना, वेलांटी आणि हलन्ताची खूणही वेगळी मोजतो. आपण र, त्ना, गि, री अशी चारच अक्षरे मोजतो. म्हणजे यंत्र जोडते, पण त्याला संधी ठाऊक नाही. तो नियम कोणीतरी त्याला लिहून द्यावा लागतो.

मराठीचे शुद्धलेखन तपासणारी, मराठी मजकूर नीट वाचणारी साधने हवी असतील, तर हे काम व्याकरण जाणणाऱ्यांनाच करावे लागेल. आपण 'हे आपले नव्हे' म्हणून बाजूला राहिलो, तर आपल्या भाषेचे नियम तिची जाण नसलेले लोक लिहितील. माझ्या घरी संगणकाविषयी विचारावे असे कोणी नव्हते. तरी ही एक ओळ मला एका संध्याकाळी समजली. मित्रहो, तुम्हांलाही समजेल. यादीत आपल्या गावांची नावे घाला आणि आजच करून पाहा.