बिबट्याला डार्ट लागला, तरी तो लगेच का पडत नाही?

२० फेब्रुवारी २०१९. कोपरीपासून जवळच असलेल्या ठाण्याच्या कोरम मॉलमध्ये पहाटे बिबट्या शिरल्याचं सीसीटीव्हीत दिसलं. काही तासांनी वन विभागाने त्याला शेजारच्या हॉटेलच्या आवारात बेशुद्ध करून पकडलं. २४ नोव्हेंबर २०२२ ला कल्याण पूर्वेत चिंचपाडा भागातल्या एका इमारतीत बिबट्या शिरला. काही जण जखमी झाले आणि त्यालाही शेवटी भूल द्यावी लागली.

अशा व्हिडिओंखाली एक प्रश्न हमखास असतो : "इतका वेळ का लावतात?"

गोळी आणि डार्टमध्ये फरक काय?

अमेरिकेत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी हौशी शिकारी काडतुसं घरीच भरतात. गोळी किती वजनाची आणि दारू किती, हे ते स्वतः ठरवतात. जनावर लवकर मरावं, हा त्यामागचा हिशेब.

डार्टचा हिशेब उलटा. तो म्हणजे उडणारी सिरिंज. सुईचं छिद्र एका लहान रबरी नळीने झाकलेलं असतं. सुई शरीरात घुसली की नळी मागे सरकते आणि मागच्या दाबामुळे औषध आत जातं. न्यूझीलंडचे कॉलिन मर्डॉक यांनी १९५० च्या दशकात अशी बंदूक विकसित केली.

डार्ट कसा 'भरतात'?

पशुवैद्यक आधी बिबट्याचं वजन नजरेने अंदाजतात. मादी ३०-४० किलोची असू शकते, मोठा नर ६० किलोच्या पुढे. मात्रा कमी पडली तर अर्धवट गुंगीतला बिबट्या हल्ला करू शकतो. जास्त झाली तर त्याचा श्वास मंदावतो.

बिबट्यासाठी बहुतेकदा केटामाइन आणि झायलाझिन एकत्र वापरतात. झायलाझिनवर उतारा आहे. केटामाइनचा असर मात्र शरीरातून आपोआप ओसरावा लागतो.

मग अंतर पाहून गॅसचा दाब ठरतो. दाब जास्त झाला तर हाड मोडू शकतं, कमी पडला तर डार्ट पोहोचतच नाही. नेम मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूवर धरतात. डोकं, छाती आणि पोट टाळतात.

मग उशीर कशामुळे?

औषध स्नायूतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला साधारण ५ ते १५ मिनिटं लागतात. बिबट्या घाबरलेला असेल तर आणखी वेळ. आरडाओरडा करणारी गर्दी हा वेळ वाढवते आणि तेवढा वेळ तो धावू शकतो, झडप घालू शकतो.

सरळ गोळी का घालत नाहीत?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. कायद्याच्या व्याख्येत प्राण्याला पकडणं हीसुद्धा 'शिकार'च. त्यामुळे भूल देऊन पकडण्यासाठीही मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. ठार मारण्याची परवानगी तर तो माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असला, तरच मिळते.

तुम्ही काय कराल?

दार बंद करून घरात थांबा. मुलांना आत घ्या. बिबट्याची निघून जायची वाट अडवू नका. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. आणि लोकेशन टाकून लाइव्ह करू नका. ते पाहून जमलेली गर्दीच डार्ट मारणाऱ्याचं काम सर्वात अवघड करते.